धडा आणि धडधड

समजा, तुम्ही पनवेलला दहावीत आहात. धडा समोर उघडा आहे, पण मन हार्बरच्या लोकलमध्ये बसून केव्हाच सीएसएमटीला पोचलंय! त्यातच परीक्षा म्हटली की छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा. डॉक्टर म्हणतात, "एडीएचडी आहे आणि सोबत चिंतेचा त्रासही आहे." आई लगेच विचारते, "लक्षाची गोळी दिली तर धडधड वाढायची नाही ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. असा दुहेरी त्रास बऱ्याच मुलांना असतो. म्हणून नीट समजून घेऊ या.

यातलं खूप वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआन्द्रो पानिझोन यांनी ते तयार केलं. त्यांच्या पत्नीचं लाडकं नाव रीटा, म्हणून औषध झालं 'रिटालिन'! मेंदूतली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं ते जास्त वेळ कामाला लावतं. तासाभरात परिणाम दिसतो. साध्या गोळीचा असर तीन-चार तास टिकतो. पण नाडी थोडी जलद होऊ शकते, भूक मंदावते, झोप लांबते. आधीच घाबरलेल्याला ती जलद नाडीच भीतीसारखी वाटते. गंमत म्हणजे, बऱ्याच मुलांची चिंता या औषधानं उलट कमी होते. अभ्यास हातावेगळा झाला, की त्याची धास्तीही जाते ना!

दुसरं औषध अ‍ॅटोमोक्सेटिन. अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. हे उत्तेजक नाही. चिंता असलेल्या काही मुलांना ते जास्त मानवतं. पण घाई उपयोगाची नाही, पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ होऊ शकते, नाडीही थोडी वाढू शकते. सुरुवातीच्या दिवसांत फार उदास वाटलं किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी घरी आणि डॉक्टरांना सांगायचं.

मग घ्यायचं कोणतं? सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. डॉक्टर आधी पाहतात, की लक्ष चिंतेमुळेच तर उडत नाही ना? ही तक्रार बारा वर्षांच्या आधीपासून आहे का? चिंता फार जोरात असेल, तर काही वेळा आधी तिच्यावर उपचार होतात. समुपदेशनही त्यातच आलं. औषध थोड्या मात्रेपासून सुरू करून नाडी, रक्तदाब, वजन तपासत राहतात.

तुमचं कामही आहे बरं का! एक वही ठेवा. धडधड गोळीच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली? चहा-कॉफी किती झाली? झोप किती? घरात कुणाला हृदयविकार असेल, तर तेही सांगा. आणि मित्राची गोळी 'बघू तरी' म्हणून कधीच घ्यायची नाही. मनानं एकदम बंदही करायची नाही.

पनवेलकरांना जवळ कामोठ्याला एमजीएम रुग्णालय आहे. ठाण्याला १९९० पासून आयपीएच ही मनआरोग्याची संस्था आहे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतसुद्धा.

डॉक्टरांसमोर मात्र लाजू नका. लक्ष उडतं, हे शाळेतले सरही सांगतील. आतली धडधड तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?