नापास केस काय सांगते

बीरगांव-उरल्याच्या कारखानदारीत असो की वरणगावच्या आयुध निर्माणीत, गेजकडे पास-नापास ठरवणारे साधन म्हणूनच पाहिले जाते. काडतुसाची वापरलेली पितळी केस पुन्हा भरणाऱ्या नेमबाजाने मात्र गेजमध्ये नापास ठरलेली केस लगेच भंगारात टाकू नये. केसचे बूड गेजच्या वर राहिले, तर बहुधा केसला पुन्हा आकार देणाऱ्या डायने तिचा खांदा पुरेसा मागे ढकललेला नाही. तोंड गेजच्या पलीकडे डोकावले, तर मान लांबली आहे, ती छाटावी. गेज कशाला, रायफलीत घालून पाहिले की कळतेच, हा आक्षेप अर्धाच खरा: चेंबरमध्ये केस अडकते हे कळते, पण कुठे ते दिसत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. अनेक गेज केसच्या अंगाचा घेर तपासतच नाहीत. म्हणून गेजमध्ये बसलेली केस रायफलीत अडली, तर आधी बुडाजवळचा फुगवटा मायक्रोमीटरने मोजावा.