खापर खुर्चीवर, कर्ज मालकाचे

वृत्तवाहिनी तोट्यात गेली की, सर्वप्रथम संपादकाची किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची हलते. सीएनएनचे प्रमुख ख्रिस लिच्ट यांना जून 2023 मध्ये, जेमतेम वर्षभराच्या कारकिर्दीनंतर, जावे लागले. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु विलीनीकरणातून वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीच्या डोक्यावर बसलेला अब्जावधी डॉलरच्या कर्जाचा डोंगर लिच्ट यांनी उभा केलेला नव्हता. ते विलीनीकरण घडवून आणणारे डेव्हिड झास्लाव मात्र पदावर कायम राहिले.

मराठी प्रेक्षकांनी असाच प्रकार घरच्या घरी पाहिला आहे. लोकमत समूह आणि नेटवर्क-18 यांच्या भागीदारीतून एप्रिल 2008 मध्ये आयबीएन-लोकमत सुरू झाली आणि संपादक निखिल वागळे हीच तिची ओळख बनली. नेटवर्क-18 तेव्हा विस्ताराच्या मागे लागून कर्जात रुतत होते. जानेवारी 2012 मध्ये रिलायन्सच्या पैशाचा आधार घ्यावा लागला. त्याच व्यवहारात ईटीव्हीच्या वाहिन्यांतील हिस्साही आला. ऑगस्ट 2013 मध्ये समूहाच्या इंग्रजी-हिंदी वृत्तवाहिन्यांतून तीनशेहून अधिक जणांना घरी पाठवण्यात आले. मे 2014 मध्ये रिलायन्सने ताबा घेण्याचे जाहीर केले, राघव बहल बाहेर पडले. जुलैत राजदीप सरदेसाई आणि वागळे यांनीही राजीनामे दिले. त्या वेळी राजकीय दबावाची चर्चा रंगली, आणि ती अस्थानी नव्हती. कर्जाच्या ताळेबंदाची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली.

वास्तविक सारे तिथेच ठरते. बातम्यांसाठी प्रेक्षक फारसे पैसे मोजत नाही. उत्पन्न जाहिरातींचे, जाहिराती टीआरपीवर अवलंबून. शिवाय वाहिनी घरोघर दिसावी म्हणून केबलचालकांना पैसे मोजायचे ते वेगळेच. कर्जाचे व्याज आणि वितरणाचा खर्च संपादकाच्या हाती नसतो. त्याच्या हाती उरतो तो वार्ताहरांचा पगार आणि प्रवासखर्च. म्हणून काटकसरीची पहिली कात्री जिल्ह्याच्या बातमीदारावर चालते आणि त्याची जागा स्टुडिओतील चौघांचे भांडण भरून काढते. ते स्वस्त पडते! पुढे वाहिनीचा दर्जा घसरला म्हणून ठपका ठेवला जातो तो त्याच संपादकावर.

टीआरपीचा पायाही भक्कम नाही. 2020 मध्ये देशातील सुमारे 21 कोटी टीव्ही-घरांचा कौल 44 हजारांच्या आसपास मीटरवरून काढला जात होता. मुंबई पोलिसांच्या टीआरपी प्रकरणात रिपब्लिकच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अटक झाली, बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च 2022 पर्यंत रोखून धरले आणि 2024 मध्ये तो खटलाच मागे घेण्यात आला. मोजणीची पद्धत मूळ चौकटीतच राहिली.

मराठी वाहिन्यांसाठी ती चौकट म्हणजे 'महाराष्ट्र-गोवा' ही बाजारपेठ. बिदर जिल्ह्यातील जनवाडा गावात मराठी बोलणारे घर त्या चौकटीबाहेर पडते. मोजणीत ते कर्नाटकचे. तिथे मराठी बातम्या कितीही आवडीने पाहिल्या, तरी मुंबईतील जाहिरातदाराच्या तक्त्यात त्याची नोंद नसते. मग भालकी-औरादकडे कॅमेरा पाठवण्याचा खर्च कोणत्या संपादकाने कोणत्या मालकाकडे मंजुरीसाठी न्यावा?