विश्लेषण : पाटी मराठी झाली, पण अक्षराचे काय?

कांजूरमार्गच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील असो की दादरच्या गल्लीतील, मुंबईतल्या दुकानाची पाटी मराठीत असणे आता बंधनकारक आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असे नियम सांगतो. ती वाचता यावीत, हे मात्र डिझायनरच्या हाती उरते.

अडचण कुठे येते?

बहुतेक बोधचिन्हे आधी इंग्रजीत तयार होतात. मराठी नाव नंतर त्याच चौकटीत कोंबले जाते. देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि रफार वर जातात. उकार खाली उतरतो. रोमन अक्षरांच्या उंचीत हे सारे बसवायचे, तर अक्षर दबते किंवा मात्रा कापली जाते.

वेगळी वाट कोणाची?

मुंबईतील ‘एक टाइप’ हा अक्षररचनाकारांचा गट भारतीय लिप्यांपासूनच काम सुरू करतो. त्यांच्या ‘बालू’ या फॉन्टचे प्रत्येक लिपीतील नाव वेगळे आहे: गुजरातीत ‘बालू भाई’, गुरुमुखीत ‘बालू पाजी’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’. स्वभाव एकच, पण वळण त्या त्या लिपीचे. २०२२ मध्ये आलेल्या ‘अनेक’ या फॉन्टमध्ये रोमनसह दहा लिप्या आहेत. ‘मुक्त’, ‘मोदक’सह हे सारे फॉन्ट कोणालाही मोफत वापरता येतात.

कांजूरमार्गशी नाते काय?

या स्थानकावर उतरून पवईच्या आयआयटीत जाता येते. तेथील औद्योगिक डिझाइन केंद्र (आयडीसी) १९६९ पासून सुरू आहे. विंडोज संगणकांवरील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी तेथे शिकवत. लिपीचा अभ्यास आधी आणि सजावट नंतर, ही शिस्त मुंबईला नवी नाही.

मग करायचे काय?

चांगला फॉन्ट मोफत मिळत असताना ‘खर्च परवडत नाही’ ही सबब टिकत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. स्टुडिओने पहिल्या आराखड्यातच मराठी नाव घ्यावे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हे तपासावे. राज्य सरकारने २००९ च्या शासननिर्णयात ही वळणे निश्चित केली आहेत. शेवटी पाटी रस्त्याच्या पलीकडून आणि बोधचिन्ह मोबाइलच्या पडद्यावर वाचून पाहावे. ग्राहकानेही इंग्रजी नमुन्यासोबतच मराठी नमुना मागावा.

दंडाच्या भीतीने लावलेली पाटी भिंतीवर राहते. नीट घडवलेले अक्षर मात्र वाचले जाते, आणि दुकानदाराला तेच तर हवे असते.