हाकेच्या अंतराची गोष्ट

पाऊस एकदाचा काढता पाय घेतो, रस्त्यावरचा चिखल वाळतो, आणि आश्विनातल्या पहाटे अंगावर पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. पायी चालण्यास व सायकल फिरविण्यास असे सोयीचे दिवस आमच्या बडोद्याच्या वाट्यास फार येत नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत आम्ही बडोदेकर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयाची झाली तरी स्कूटरला चावी लावतो. ‘आम्ही’ म्हणताना मी स्वतःस वगळीत नाही. या प्रकरणातला पहिला आरोपी मीच आहे; म्हणून लिहिण्याचा थोडाफार अधिकार पोचतो, असे समजतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मी झेंडूची फुले आणावयास निघालो. दांडिया बाजारातील माझ्या घरापासून ते दुकान पाच मिनिटांच्या वाटेवर. तरी स्कूटर काढली, आणि जागा सापडेना म्हणून ती पदपथावर चढवून ठेवली. फुले घेऊन वळतो तो काय, आमच्या शेजारच्या ताई, वय पंचाहत्तरीच्या पुढे, माझ्या स्कूटरला वळसा घालण्यासाठी पदपथावरून खाली उतरत होत्या. तेवढ्यात एक रिक्षा त्यांना घासून गेली. त्या पडल्या नाहीत. हातातली पिशवी मात्र पडली व ग्रंथालयाची दोन पुस्तके रस्त्यावर आली. मी धावलो. पुस्तके पुसून हाती दिली. त्यांनी स्कूटरकडे पाहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचीच होय? मग काही नाही.”

त्या ‘काही नाही’ने मला जे बोलायचे ते बोलून टाकले. त्या दिवसानंतर ताईंनी ग्रंथालयात पायी जाणे सोडले. पुस्तके नातू आणून देऊ लागला. पण तो आणील ते वाचायचे आणि कपाटांपुढे उभे राहून स्वतः निवडायचे यांत अंतर आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास येथे बोलाविले ते ग्रंथ सामान्य माणसाच्या हाती पडावा म्हणून. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच कामाचे फळ. सूरसागराच्या काठाने, न्यायमंदिरावरून, लहेरीपुरा दरवाज्यातून तेथवर वीसेक मिनिटांची वाट. शंभर वर्षांपूर्वी जे हाताशी आणून ठेवले, ते एका म्हाताऱ्या बाईसाठी पुन्हा दूर नेऊन ठेवण्याचे काम माझ्या स्कूटरने पाच मिनिटांत केले.

हिशेब तरी पाहा. साधारण प्रकृतीचा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. म्हणजे एक किलोमीटरला बारा-पंधरा मिनिटे. सायकलीवर तेच अंतर पाच मिनिटांत. स्कूटरवर त्याहूनही कमी, हे कबूल. पण ती काढणे, गर्दीत खोळंबणे, जागा शोधणे हे सारे जमेस धरले तर वाचले किती? शिवाय थंड इंजिन सुरुवातीच्या अंतरात पेट्रोलही जास्त खाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रोज बाजारात पायी जाऊन येणाऱ्याची ती नकळत पुरी होते. आम्ही मात्र स्कूटरवर बसून व्यायामशाळेत जातो आणि तेथे पैसे भरून एका जागी चालतो! नवरात्रात तर तीन-तीन तास गरबा खेळणारे पाय मैदानाबाहेरच्या दोनशे पावलांना कुरकुरतात.

यावर कोणी म्हणेल, शरदाचे ऊन वाईट. खरेच आहे. आयुर्वेदाने या ऋतूत उन्हात हिंडणे वर्ज्य सांगितले आहे. पण त्याच शास्त्राने सांजवेळच्या चांदण्याचे सेवन सांगितले आहे. तेव्हा दुपार टाळावी. सकाळचे नऊपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतरचे तास आपलेच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. “चालावे म्हणता, पण चालावे कोठून?” पदपथ एक तर नाही, असला तर त्यावर दुकान आहे, दुकान नसले तर वाहन आहे. महानगरपालिकेने पदपथ मोकळे व सपाट ठेवावेत, चौकात म्हाताऱ्या माणसास ओलांडता येईल इतका वेळ दिवा थांबवावा, बाजाराच्या तोंडाशी सायकलींना जागा द्यावी. या मागण्या चैनीच्या नाहीत. परंतु पदपथ अडविणारे वाहन महानगरपालिकेने तेथे ठेवलेले नसते. ते तुमचे-आमचे असते. एक स्कूटर घरी राहिली की तेवढी वाट आपोआप मोकळी होते. त्यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

आजारी माणसाने, ओझे असणाऱ्याने, दूर नोकरीस जाणाऱ्याने वाहन वापरावे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे एवढेच की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत एक किलोमीटरच्या आतले काम पायी आणि तीन-चार किलोमीटरचे सायकलीवर करून पाहावे. सीमोल्लंघनासाठी आपले वाडवडील गावाच्या शिवेपर्यंत पायी जात. आपण निदान गल्लीच्या तोंडापर्यंत जावे.

मी स्वतः माळ्यावरची सायकल खाली काढली. दोन्ही चाकांच्या ट्यूबा बदलाव्या लागल्या, चेनीला तेल पाजावे लागले. गुडघे पहिले चार दिवस कुरकुरले, मग गप्प झाले. आणि दर मंगळवारी संध्याकाळी ती सायकलही घरीच ठेवतो. त्या दिवशी ताईंच्या बरोबर ग्रंथालयात जावयाचे असते. रस्त्याच्या बाजूने मी चालतो, आतल्या बाजूने त्या. परवा न्यायमंदिरापाशी एक स्कूटर पदपथावर आडवी उभी होती. ताई थांबल्या, माझ्याकडे पाहिले व विचारले, “तुमची नाही ना?”

नाही म्हणताना मला जो आनंद झाला, तो वाचकांनीही एकदा घेऊन पाहावा.