स्ट्रॅटेजीआधी सेटलमेंट

ऑप्शन शिकायला येणारा छोटा गुंतवणूकदार एक वाक्य पाठ करूनच येतो: कॉल विकत घेतला की तोटा जास्तीत जास्त प्रीमियमएवढा. शिकवणारे आपणही ते तसेच पुढे नेतो. शेअरवरच्या ऑप्शनला ते अर्धेच लागू पडते. उरलेले अर्धे आपण पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

निफ्टीचा ऑप्शन मुदतीअखेर रोखीत मिटतो. शेअरच्या ऑप्शनला मात्र ऑक्टोबर २०१९ पासून सरसकट डिलिव्हरी लागू आहे. समजा, हजार शेअरांचा लॉट आहे आणि ६०० चा कॉल १२ रुपयांना घेतला. खात्यातून १२,००० गेले. मुदतीच्या दिवशी भाव ६०५ वर बंद झाला. कॉल इन-द-मनी आला, तरी प्रीमियम धरता शेअरमागे ७ रुपये तोटाच आहे. पोझिशन उघडी राहिली असेल, तर सहा लाखांचे शेअर उचलणे भाग आहे. पुढे भाव ५७० वर उतरला, तर तोटा ४२,००० वर जातो. शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन का वाढत जाते, हे ज्याला माहीत नाही, त्याला ब्रोकरचा फोन आल्यावरच सगळे कळते.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. त्यानंतर निर्देशांकाच्या कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाख झाली, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजवर एका निर्देशांकापुरती उरली. नियमांनी उलाढालीला लगाम बसतो. समज देण्याचे काम आपलेच राहते.

म्हणून आमचा आग्रह आहे: स्ट्रॅडल आणि आयर्न काँडॉर नंतर शिकवा. पहिल्या ऑर्डरआधी शिकणाऱ्याकडून तीन उत्तरे लिहून घ्या. मुदतीपर्यंत ठेवला तर काय द्यावे-घ्यावे लागेल? तेवढी रक्कम किंवा तेवढे शेअर खात्यात आहेत का? नसतील, तर कोणत्या दिवशी बाहेर पडणार? कॉल विकू पाहणाऱ्याच्या डीमॅटमध्ये पूर्ण लॉट नसेल, तर त्याला थांबवा. यात आपली दलाली घटेल. ती घटू द्यावी. ज्याचे भांडवल शाबूत राहते, तोच पुढच्या वर्षीही आपला ग्राहक असतो.