बदली की सूड?
सरकारी बँकेच्या इंदूर शाखेतील एका महिला अधिकाऱ्याने गैरव्यवहार वरिष्ठांना कळवले आणि तिची रवानगी झाली जबलपूर जिल्ह्यात, तीही कनिष्ठ श्रेणीच्या अधिकाऱ्याच्या जागेवर. वरिष्ठाने लैंगिक छळ केल्याचीही तिची तक्रार होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सूडच असल्याचे म्हटले आणि तिला इंदूरला परत नेमायला लावले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा कर्मचारी असले तरी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. चौकशीच्या काळात तक्रारदाराची बदली होऊ शकते, पण तिच्या लेखी विनंतीवरून. साहेबाच्या मर्जीने नव्हे. साक्षीदारांनाही त्रास होता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाने १९९७ मध्येच बजावले होते. म्हणून आता नियमच हवा: तक्रारीनंतर वर्षभर तक्रारदार बाईची बदली, बढती, गोपनीय अहवाल यांतला प्रत्येक निर्णय समितीपुढे गेलाच पाहिजे.