मोरीला वास येतो, तो कुठून?



गेल्या काही वर्षांत आपल्या मुखेड भागातील गावांची व वाड्या-तांड्यांची घरे बदलली. मातीच्या भिंती आणि माळवद गेले, सिमेंटचा स्लॅब आला. चुलीजवळची दगडी मोरी गेली आणि ओट्याला लागून स्टीलचे बेसिन आले. उभ्याने भांडी घासता येऊ लागली, ही बायामाणसांच्या कंबरेला मोठीच विश्रांती झाली. पण त्यासोबत एक नवी तक्रारही घरोघर ऐकू येते. स्वयंपाकघरात पाऊल टाकले की सडक्या अंड्यासारखा वास येतो.

मग बोलणी बसतात ती घरच्या सुनेला. "हात स्वच्छ नाहीत, मोरी धड घासत नाही," असे ऐकून घेत ती बिचारी दिवसातून दोनदा बेसिन घासते, फिनेल ओतते, पाहुणे यायचे म्हटले की उदबत्ती लावते. वास तासभर दबतो आणि पुन्हा येतो. अशा घरी पाहिले तर बहुतेक वेळा दोष सुनेच्या हाताचा नसतो, नळीचा असतो. तो कसा ओळखायचा आणि कसा दूर करायचा, ते आज पाहू.

वास तयार कसा होतो?

भाकरीच्या परातीचे पीठ, वरणाचा गाळ, ताकाचा चोथा, भाजीचा तेलकट तवंग हे सारे पाण्यासोबत नळीत जाते. पाणी पुढे निघून जाते, पण ओशटपणा नळीच्या आतून चिकटतो. त्यावर बुळबुळीत थर धरतो. या थराच्या आत हवा पोहोचत नाही. बिनहवेचे जे सूक्ष्म जंतू असतात ते तेथे अन्न कुजवतात आणि त्यातून दुर्गंधीचा वायू निघतो. खताच्या खड्ड्यात पाणी तुंबले की जो प्रकार होतो, तोच येथे लहान प्रमाणावर होतो. म्हणून नुसते बेसिन चकचकीत घासून उपयोग नाही. वास भांड्यात नसून नळीच्या पोटात असतो.

आधी निदान, मग औषध

पिकावर रोग दिसला की आपण आधी पान उलटून पाहतो, मग फवारणी करतो. येथेही तसेच करावे. रात्री भांडी झाल्यावर बेसिनच्या भोकात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवावा व वरून ताट झाकावे. सकाळी घरात वास नसेल, पण बोळा काढताच भपकारा आला, तर वास नळीतून येतो. बोळा असूनही घरात वास राहिला, तर ओट्याखालची खरकट्याची बादली, भांडी घासायचा काथ्या, ओले पायपुसणे हे तपासावे.

नळीतूनच वास येत असेल तर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी ओतताच वास थांबला आणि दोन-चार दिवस वापर नसला की परत आला, तर नळीतला पाण्याचा अडसर सुकतो आहे. रोज वापर असूनही वास येतो, तर अडसरच नाही किंवा नळीत चिकट थर साचला आहे. पाणी गडगड आवाज करीत हळूहळू उतरत असेल, तर नळी अर्धी तुंबली आहे असे समजावे.

पाण्याचा अडसर म्हणजे काय?

बेसिनखाली नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक दिला, तर त्या बाकात थोडे पाणी कायम साचून राहते. सांडपाणी त्याला ढकलून पुढे जाते, पण मागची दुर्गंधी हे पाणी ओलांडून घरात येऊ शकत नाही. युक्ती जुनी आहे. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकुपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले होते. आपल्याकडे न्हाणीघराच्या जमिनीत बसवायच्या अशा भांड्याला नळकाम करणारे आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. बाकात निदान दोन इंच पाणी उभे राहिले पाहिजे.

आपल्याकडे घाईघाईत झालेल्या कित्येक बांधकामांत हा बाकच दिलेला नसतो. बेसिनची नळी सरळ भिंतीतून बाहेर काढून नालीवर सोडलेली असते. म्हणजे नाली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दारच नाही. त्या वाटेने वास येतो, झुरळे येतात, उंदीरही येतो, आणि उंदरामागे सापाचीही भीती असते.

उपाय अवघड नाही. बेसिनखाली घडीची लवचिक नळी असेल तर तिलाच यू आकार देऊन तारेने पक्के बांधावे. सरळ कडक पाइप असेल तर दुकानातून तयार बाक आणून मिस्त्रीकडून बसवून घ्यावा. साफसफाईसाठी खालून फिरकीचे टोपण असलेला बाक मिळाला तर उत्तम. बाहेरच्या तोंडाला जाळी लावावी. घर बांधताना गवंड्याला हे आधीच सांगितले तर खर्च अगदीच किरकोळ येतो. स्लॅब पडल्यावर भिंत फोडण्यापेक्षा हे बरे.

उन्हाळ्याची एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. वैशाखात पाण्याची ओढ असते, भांडी परातीत घासून तेच पाणी झाडाला घालतात, बेसिनला पाणी लागत नाही. किंवा घर ऊसतोडीला, यात्रेला, लग्नाला बाहेरगावी जाते. मग बाकातले पाणी उडून जाते आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून दोनदा तांब्याभर वापरलेले पाणी ओतले तरी पुरते. बरेच दिवस घर बंद राहणार असेल तर बाकात पाणी भरून वरून चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. भोकावर वाळूची पुरचुंडी ठेवावी.

सफाईची रीत

आठवड्यातून एकदा रात्रीची कामे आटोपल्यावर मूठभर धुण्याचा सोडा बेसिनच्या भोकात टाकावा. त्यावर दोन-तीन तांबे कडक गरम पाणी हळूहळू ओतावे. सोड्याने ओशटपणा सुटतो. पाइप प्लास्टिकचा असेल तर खळखळ उकळते पाणी ओतू नये, सांधे सैल होतात. अर्ध्या तासाने साधे पाणी भरपूर सोडावे. खायचा सोडा व लिंबू एकत्र टाकले की फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि चिकट थर तसाच राहतो. बाकाचे टोपण खोलता येत असेल तर खाली बादली ठेवून महिन्यातून एकदा आतला गाळ काढावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, एकामागोमाग एकही ओतू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि लहानशा स्वयंपाकघरात जीव गुदमरतो. अशा बाटल्या लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.

खरा उपाय मात्र नळीच्या आधीच आहे. ताटातले खरकटे जनावरांना किंवा खताच्या खड्ड्यात जावे. तेलकट कढई आधी कागदाने किंवा राखेने पुसून घ्यावी, पण ती राख नळीत सोडू नये, ती बाकात बसते. बेसिनच्या भोकावर बारीक जाळी ठेवावी.

बाहेरचे पाणी

घरातले सारे नीट केले आणि भिंतीपलीकडे पाणी तुंबलेलेच राहिले, तर वास खिडकीतून येणार. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास होतात आणि हत्तीपायाचा रोग याच डासांमार्फत पसरतो. तेव्हा प्रश्न केवळ नाकाचा नाही.

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्यावरचे सांडपाणी जमिनीत मुरवले आणि डासांचा त्रास घालवला. २०१५-१६ च्या सुमारास जिल्हा परिषदेने ही रीत जिल्हाभर नेली आणि ती 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. साधारण चार फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घेतात. मध्ये वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवतात आणि भोवती खाली मोठे, वर लहान दगड भरतात. सांडपाणी आधी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी भोकांतून दगडांत जाऊन मुरते. वर झाकण घट्ट हवे. टाकीतला गाळ वेळोवेळी काढला नाही तर खड्डा दोन वर्षांत बसतो, आणि मग लोक म्हणतात योजना खोटी.

आपल्या भागात जमीन पाहून खड्डा घ्यावा. मुरमाड माळावर पाणी झटकन मुरते. काळ्या चिकणमातीत ती ओली झाली की फुगते व पाणी धरून ठेवते. तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे, नाहीतर पाणी परसात वळवावे. पिण्याच्या पाण्याची विहीर, बोअर किंवा हातपंप यांपासून खड्डा निदान ५० फूट लांब असावा.

परसात या पाण्यावर केळी, अळू, कर्दळ चांगली येते. अळूचे पान शिजवूनच खायचे असते, म्हणून हरकत नाही. कोथिंबीर, मुळा, मेथी यांसारखा कच्चा खायचा भाजीपाला त्या पाण्यावर घेऊ नये. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी शक्यतो वेगळे काढावे. त्यातल्या क्षारांनी आपली काळी जमीन हळूहळू चोपण होते.

तेव्हा पुढच्या वेळी वास आला तर उदबत्ती शोधण्याआधी बेसिनखाली वाकून पाहावे, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषानेही पाहावे. नळीला बाक आहे काय, त्यात पाणी आहे काय, बाहेर पाणी कुठे तुंबते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले. सुनेला बोल लावायचे राहून गेले, तर तोही एक फायदाच समजावा.